पत्र्याखालचे चाळीस कॉम्प्युटर

लातुरात वीजबिलाच्या रांगेत देविकाच्या पुढं तिच्या लेकीच्या कॉम्प्युटर क्लासचे राघवेंद्र सर उभे होते. त्यांच्याशी कॉम्प्युटर दुरुस्त करणारा खाजा बोलत होता. देविकाचे कान आपसूक तिकडं लागले.

"खाजाभाई, चाळीस कॉम्प्युटर एवढी वीज खातात?"

"कॉम्प्युटर कमी, एसी जास्ती. खालून तुमचे कॉम्प्युटरचे जुने डबे शेगडीवानी तापतेत, वरून पत्रा तापतो. मधी दोन एसी भांडून राहिलेत."

"उपाय सांगा."

"पत्रा काढून स्लॅब टाका. एक एसी आपोआप बंद होतो."

"स्लॅब नको."

"पैशाचं हाय का, सर?"

"नाही. त्र्याण्णवच्या भूकंपात मला ढिगाऱ्यातून काढलं. धाकटा भाऊ आतच राहिला. माझ्याकडं त्या पत्र्याखाली दिवसभरात शंभर लेकरं बसतात."

"लई वर्षं झाली त्याला. आता स्लॅब मजबूत बनतेत."

"बनत असतील."

"बरं. मग डबेच बदलू. तळहाताएवढे मिळतेत, बल्बाएवढी वीज खातेत, तापत न्हाईत. स्क्रीन जुनेच राहू द्या, उगं भंगार कशाला वाढवायचं? पत्र्याला वरून पांढरा रंग मारू. दोन उन्हाळ्यांत खर्च निघतो."

"मग हे आधी का नाही सांगितलं?"

"सगळेच स्लॅब टाकून राहिलेत, म्हणून तेच तोंडात येतं."

"तुमच्या दुकानाला स्लॅब आहे?"

रांग एक पाऊल पुढं सरकली.

"न्हाई सर, पत्राच हाय. घरालाबी. त्र्याण्णवपासनं."