सांबराचा गैरसमज

आमच्या सेम्बावांगच्या शेजारच्या राणेकाकांचं आयुष्य जहाजावर गेलेलं, त्यामुळे वाऱ्याबद्दल त्यांच्याशी वाद घालायची सोय नाही. मी सिंगापूर कायमचं सोडणार म्हणून एका सकाळी ते मला मंडाईच्या रानात सांबर दाखवायला घेऊन गेले.

पलीकडच्या चढावर खरंच एक सांबर चरत होतं! काकांनी मोबाइलवर वाऱ्याची दिशा दाखवणारं ॲप पाहिलं. "वारा समोरून आहे. आपला वास मागे जाईल. चल."

जवळ जायला आम्ही मधल्या घळीत उतरलो, तर तिथे वारा वळून थेट पाठीवर यायला लागला.

"काका, वारा फिरलाय."

"शक्यच नाही."

तेवढ्यात सांबरानं मान उचलली, नाक फेंदारलं आणि झाडीत गडप झालं. मी हळहळलो.

काकांनी मोबाइल माझ्यापुढे धरला. "बघ, अजूनही समोरूनच दाखवतंय. त्या सांबराचाच काहीतरी गैरसमज झाला."