मोटेचा दोर भिंतीत गेल्याबाबत

मी, गवराबाई गेनबा मोरे, वय अंदाजे साठ, धंदा शेती, राहणार चिखली, तालुका हवेली, जिल्हा पुणे, आज ठाण्यात स्वतः येऊन विचारल्यावरून सांगते की,

माझ्या मयत नवऱ्याचा मोटेचा दोर चोरीस गेल्याची तक्रार मी काल दिली. त्यावरून जयसिंग गवंडी, राहणार काळेवाडी, यास ठाण्यात आणून बसविले आहे.

घरामागे प्रेस मशीनचा कारखाना झाल्यापासून दणक्याने माझ्या मागच्या भिंतीस तडे जात होते. ती नव्याने बांधण्यास मी जयसिंगला लावले. तो चुन्याच्या मालात अंबाडीचा वाख, म्हणजे सालीचे धागे, तोडून मळतो. त्यामुळे माल धरून राहतो, हादऱ्याने फाटत नाही. त्याने विचारले, "मावशी, वाख हाय का घरात?" मी चुलीपुढून न उठता म्हणाले, "पडवीत हाय, घे जा." वाखाचे पोते मी माळ्यावर टाकले होते, हे माझ्या ध्यानात राहिले नाही. पडवीत खुंटीला दोर होता, तोही वाखाचाच. जयसिंगने तो कोयत्याने बोट-बोट तोडला, पीळ उलगडला आणि मालात मळला. मी त्यास वर चहा दिला.

भिंत झाल्यावर मी लेकीकडे राजगुरुनगरला गेले. काल परतले तर खुंटी रिकामी. विहिरीवर इंजिन आल्यापासून मोट बंद आहे, पण तो दोर गेनबाने स्वतः वळलेला होता. तसा पीळ चिखलीत कोणाला जमत नव्हता, हे नवरा म्हणून सांगत नाही. माझे डोके फिरले. मी जयसिंगला नाही नाही ते बोलले. दोर कोणाचा हे कळताच त्याने तोंड मिटले ते मिटलेच.

आज सकाळी तो इथे रडून म्हणाला, "मावशी, काकाचा दोर म्या माझ्या हातानं तोडला. चोर म्हणा, चालंल. पर ह्ये तुमाला सांगवंना." मलाही रडू आवरले नाही.

मी तडक घरी जाऊन भिंतीला हात लावला. प्रेस चालू होती, फळीवरची भांडी वाजत होती. भिंत हलत नव्हती. मी बराच वेळ हात काढला नाही.

मुद्देमालासाठी भिंत फोडावी काय, असे जमादारसाहेबांनी विचारले. भिंतीला कोणी हात लावल्यास मी आडवी पडेन. जयसिंगला सोडावे. तो कालपासून उपाशी आहे, मी भाकरी आणली आहे, ती आधी त्यास खाऊ द्यावी. दोर माझ्याच घरात आहे. चोरीस काही गेलेले नाही.

जबाब मला वाचून दाखविला. शिव्या वगळल्यास मी बोलले तेच त्यात आहे, म्हणून अंगठा देते.