शुक्रवारचं आंबट

माहं माहेर तुमसरकडचं, वडील शाळेत मास्तर, म्हणून इंटर सायन्सपर्यंत शिकली मी, नाई त तेव्हा आमच्या इकडे पोरीले कोण शिकवते. लग्न झालं अन् भिलाईले आली, सेक्टर दोनच्या याच क्वार्टरमंधी. आमचे हे प्लांटात इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक, मीटर-काटे दुरुस्त करणं हे यायचं काम. यायच्या हाताचं काय सांगू तुमाले, अख्ख्या लाईनीतला रेडिओ, पंखा, इस्त्री, सारं आमच्याच ओट्यावर येऊन पडे, अन् बायका म्हणत, वहिनी, भाऊजीले सांगा ना जरा पाहून द्याले. हे नाई म्हणतच नसत कोणाले.

घरी बसून जीव उबला म्हणून मी हथखोजले एका शरबतच्या कारखान्यात लागली. लिंबाचं, संत्र्याचं शरबत. माहं काम आंबट मोजणं, कावून का कमी आंबट असलं त शरबत नासते अन् जास्त झालं त गिऱ्हाईक तोंड वाकडं करते. काचेच्या नळीनं तोंडानं रस ओढायचा, पेल्यात सोडायचा, त्यात रंग दाखवणाऱ्या दवाईचे दोन-चार थेंब, अन् वरून कास्टिक सोड्याचं पाणी थेंब थेंब सोडत राहायचं, हलवत राहायचं, हलवत राहायचं, अन् एका थेंबाले ते हलकं गुलाबी होते अन् गुलाबीच राहते, तिथं हात थांबला पाहिजे. जेवढं कास्टिक गेलं तेवढं आंबट. लय आवडे मले ते काम, खोटं कावून बोलू. पांढरा कोट घालून बसे मी, अन् सेठ सगळ्याईसमोर म्हणे, जब तक भाभीजी हाँ न बोलें, ढक्कन नहीं लगेगा.

मंग यायच्या डोळ्याले लागलं. मीटरची काच फुटली अन् तुकडा उजव्या डोळ्यात. डॉक्टर म्हणे पट्टी राहू द्या, आत्ताच काई सांगता येत नाई. शेजारची मिश्राइन म्हणे, दीदी, संतोषी माता का व्रत उठा लो. सोळा शुक्रवार, गूळ-चणे, अन् त्या दिवशी आंबटाले हात नाई लावायचा, तोंडाले त नाईच नाई. आता तुमीच सांगा, जिचं पोटच आंबटावर तिनं काय करावं? सेठले शुक्रवारची सुट्टी मांगतली त तो म्हणे, शुक्रवारलेच त माल निघते भाभीजी. पहिल्याच शुक्रवारी नळी ओढता ओढता लिंबाचा रस जिभेले लागला. घरी येऊन अशी रडली मी, अशी रडली का हे एका डोळ्यानं माह्याकडे पाहतच राहिले.

दुसऱ्या दिवसापासून हे ओट्यावर बसले. दवाखान्यातून आणलेली सलाईनची नळी, भंगारातला रिले, म्हणजे करंटनं आपोआप चालू-बंद होणारा खटका, टॉर्चचा बल्ब, उजेड ओळखणारा एक छोटासा पुर्जा, बस एवढंच. पेल्याच्या इकडून बल्ब, तिकडून पुर्जा, वरून कास्टिक टपकून राहिलं. पाणी गुलाबी झालं का उजेड कमी पडे, रिले टक् करे अन् नळी चिमटून जाय, टपकणं बंद. पहिले पहिले कास्टिक लय जास्त जाय, पाणी पार रानी कलरचं होये. मंग मले पाशी बसवून विचारत, हे गुलाबी का? मी म्हणे नाई, अजून फिक्कं. हे का? अजून फिक्कं. असं करत करत माह्या डोळ्यातला गुलाबी यायनं त्या मशीनमंधी बसवला. हसत होतो आम्ही तेव्हा, पट्टी बांधलेली होती तरी हसत होतो.

पुढच्या शुक्रवारी हे स्वतः कारखान्यात आले. फुलबाई म्हणून छत्तीसगडची एक बाई बाटल्या धुवाले होती, तिले शिकवलं, सिरिंजनं एवढा रस घे, दवा टाक, बटन दाब, नळीवर कुठवर उतरलं ते पाह्य. फुलबाईनं केलं, मी शेजारी बसून करून पाह्यलं, बराबर तेवढंच. नाई नाई, शुक्रवारी नाई, शनिवारी करून पाह्यलं. सेठनं यायले पेढे दिले. पैसे देत होता, यायनं घेतले नाई, म्हणे बायकोसाठी केलं, तिचे पैसे काय घ्यायचे.

नव्यानं मोजलेले माहे सोळा शुक्रवार झाले, पट्टी सुटली, यायले दिसाले लागलं. उद्यापन केलं. अन् सोमवारी कोट घालाले गेली त सेठ म्हणे, भाभीजी, अब तो फुलबाई कर ही लेती है, आप लेबल में बैठ जाइए ना. शुक्रवारी जे माह्याशिवाय होते ते सोमवारी कावून नाई होणार? हे ना माह्या डोक्यात आलं, ना यायच्या. मी घरी चालली आली.

हे तसेच सायकल काढून गेले, म्हणे मशीन माही आहे, उचलून आणतो. गेले त मशीनपाशी फुलबाई. बाटल्या धुवून धुवून हात सडले होते तिचे, ते आता कुठं सुकून राहिले होते. तेच हात जोडून म्हणे, झन लेगव भैया, नका नेऊ. हे रिकाम्या हातानं परत आले. मी बोलली, बराबर केलं तुमी. खरंच बोलली, फुलबाईवर माहा राग नव्हता.

पण तेव्हापासून यायनं ओट्यावरचा हत्यारांचा पेटारा बंद केला तो बंदच. लोकाईचे रेडिओ वापस केले. मले म्हणत, मी तुही नोकरी खाल्ली. म्या किती समजावलं, अहो, तुमचा डोळा वाचला, मले सारं भेटलं. ऐकतच नाईत. दुसरीकडे काम पाह्यलं मी, पण गावात शिकलेल्या पोरी ढीगभर, कोण विचारते. आता यायच्या रिटायरमेंटले थोडेच दिवस राहिले, क्वार्टर सोडा लागते.

परवा इस्त्रीची तार जळाली. मी म्हटलं, पाहा ना जरा, पाच मिनिटाचं काम आहे. म्हणे, मिस्त्रीले बोलाव. मले राहवलं नाई, मी म्हटलं, अहो, तुमी ते माह्यासाठीच केलं होतं ना. हे चप्पल घालून राहिले होते, माह्याकडे न पाहता म्हणे, म्हणूनच त. अन् बाहेर निघून गेले. मंग मी मिस्त्रीले बोलावलं.