अंजनाकाकू आणि दाराआडचं पोरगं

...आणि वर त्या मॅडम म्हणत्यात, "रडा, इथं रडलं तरी चालतं!" आवं, तुमास्नी सांगतो, अंजनाकाकू रडायला गेल्याच नव्हत्या, त्या पोराच्या मॅडमला, "मला कशाला बोलावलंसा?" म्हणून जाब इचारायला गेल्या हुत्या! एकुलता एक वीरधवल, तिशी उलटलेला, बायकोशी जरा वाजलं की ह्याची बोलतीच बंद, आठ-आठ दिवस! शेवटी सून वैतागून इस्लामपूरला माहेरी गेली, जाताना म्हणाली, "मनाच्या डाक्टरला दाखवा, तरच येते." मग हा सांगलीला वल्लरी मॅडमकडं जायला लागला, आणि मॅडमनी एक दिवस आईलाच बोलावलं. काकू विट्यासनं एसटीनं गेल्या, चकल्यांचा डबा घेऊन... जसं काय पोरगी बघायलाच निघाल्यात!

मॅडम वीरधवलला म्हणाल्या, "डोळे मिटा. तुमच्यातला तो गप्प बसणारा आहे ना, त्याला विचारा, तो कुणाला सांभाळतोय?"

"बारकं पोरगं हाय एक," वीरधवल म्हणाला. "पाचेक वर्साचं."

काकू दचकल्या! "आवं बाई, मी एकच जन्माला घातलाय! ह्याच्या आत किती जणं हायती?"

"काय करतंय ते?" मॅडम शांतच.

"दाराआड लपलंय. दिवाळीला कोइमतूरची पावणी आलीय."

पावणी! सख्खी आई, आणि पावणी! तवा काकूंच्या मालकांचं तिकडं तमिळ मुलखात, कोइमतूरला सोनं गाळायचं दुकान, शाळंत मराठी न्हाई, म्हणून पोरगं विट्याला आत्याकडं ठेवलं. आमच्याकडं ह्या धंद्यातली सगळीच पोरं अशी ठेवत्यात हो! काकू वर्सातनं एकदा यायच्या, कापडं, खेळणी, गाडीभर सामान... आणि पोरगं आत्याच्या पदराआड! तिलाच आई म्हणायचं. काकू हसायच्या, "बरं हाय की, दोन आया!" हसायच्या हो...

त्या दिवशी मातर भडकल्या. "मी काय हौसेनं गेले व्हय? तिकडं धुरात भाकऱ्या कुणी थापल्या?"

"काकू, हे तुमच्यातलं कोण बोलतंय?"

"माझ्यात मीच हाय! माझ्या आत आनखी किती जणं असणार?"

"त्या रागावलेलीला जरा बाजूला बसवा. तिच्या मागं कोण आहे?"

काकूंनी डोळे मिटले! आवं, खरंच मिटले! मग बारीक आवाजात म्हणाल्या, "एक जण खिडकीपाशी बसलीय. गाडी सुटलीय. मागं वळून बघत न्हाई... बघितलं तर उतरंल."

वीरधवलचे डोळे मिटलेलेच, पण पापणी हलली. काकू त्याच्याकडं वळल्या. "बाळा, ये की माझ्याकडं."

मग तो म्हणाला, "ते इचारतंय, तुमी कोण?"

'तू' न्हाई हो... 'तुमी'!

काकूंनी पदर सावरला. "मी अंजना," म्हणाल्या. "तुझी आई. लांब ऱ्हात हुते."

मग? आलं का पोरगं भाईर? कुठलं वो! नुसतं डोकावलं म्हणं, आणि तेवढ्यात मॅडमची वेळ संपली. आता काकू दर आठवड्याला जात्यात. बाळंत होऊन तीस वर्सं उलटली, आणि मायलेकरांची ओळखपाळख आत्ता कुठं सुरू झालीय... तीबी फकस्त गुरुवारी, चार ते पाच!