काकूंचा खालचा सूर

आमच्या सरांचं सांगतो, थांब. कॉलेजात संगीताचे प्रोफेसर, आन् राजारामपुरीत आमचं समूहगान बसवायचे. चाल म्हणायला सगळे पुढं; तिच्याखालचा सूर मात्र एकट्या काकू, म्हणजे सरांची बायको, धरायच्या. काकू गेल्या.

नंतरच्या पहिल्याच तालमीला सरांना ती जागा रिकामी वाटू नये, म्हणून आम्ही प्रत्येकानं मनातल्या मनात ठरवलं, आज काकूंचा सूर आपण धरायचा. सरांनी हात उचलला, आन् झाडून सगळे खालच्या सुरात! चाल म्हणायला एक बी न्हाय.

सर म्हणाले, "लेकांनो, सगळीच तिचं गायला लागलासा. चाल काय मी म्हणू व्हय?"

आन् म्हटली की! जन्मभर आमच्यापुढं नुसते हात हलवलेला माणूस, त्या दिवशी पहिल्यांदा बायकोबरोबर गायला.