एक बादली जास्तीची

गावात सोसायटीच्या पाण्याच्या टँकरवर घरटी दोनच घागरी. कुणी तिसरी भरली, की चंद्रभागाबाईंनी हटकलंच म्हणून समजा. आज रांगेत त्यांच्या मागं दोन शाळकरी पोरी वाचनालयातल्या कादंबरीबद्दल बोलत होत्या.

“दोन वर्षं, बग! नाझी शिपाई गावात, आन् त्या बाईनं ज्यू पोरीला तळघरात लपवलं.”

“मग पानी?”

“विहिरीवरून रोज एक बादली जास्ती न्यायची.”

“शेजारनीला कळलं न्हाई?”

“कळलं की! पन शेवटपर्यंत बोलली न्हाई.”

“केवढं काळीज गं बया!”

“आपल्या गावात कुनाला लपवलं तर?”

“कसलं लपवती? चंद्रभागामावशी घागरी मोजत्यात.”

चंद्रभागाबाई वळल्या.

“जगली का गं ती पोरगी?”

“जगली, मावशी.”

“मग मलाबी मोजता येत न्हाई, बाई.”