ठरवायचं सोडून सगळं

नाही नाही मावशी, पगाराचं शेवटी बोलू, आधी कामाची वाटणी नीट समजून घ्या, कारण आधीच्या बाईंच्या डोक्यात ती शिरलीच नाही — बसा ना, खुर्चीवर बसा, टेकून — घ्या पोरीला मांडीवर, रडत नाही ती, म्हणजे रडते, पण तुमच्याकडे रडत नाहीये, कमाल आहे. हां, तर उद्यापासून मी पुन्हा कामावर. त्या बाई गेल्या म्हणून घेतलेली रजा संपली, वाढवून मागितली, मिळाली नाही. सकाळी मी बाहेर पडले की संध्याकाळपर्यंत ही तुमच्या ताब्यात. आंघोळ तुमची, भरवणं तुमचं, झोपवणं, लंगोट, बाटल्या उकळणं, सगळं तुमचं. फक्त ठरवायचं नाही. ठरवायचं सोडून सगळं. सोपं आहे की नाही?

ठरवायचं म्हणजे काय? अहो, आमच्या अख्ख्या ऑफिसला अजून ते कळलेलं नाही, तुम्ही कशाला लाजता! मी पासपोर्ट ऑफिसात असते. छे, खिडकीवर नाही. खिडकीवर ठेका घेतलेल्या कंपनीची पोरं असतात, गळ्यात पट्टे अडकवलेली. ती फोटो काढतात, बोटांचे ठसे घेतात, ‘मान सरळ, हसू नका’ म्हणून दरडावतात — आणि रुबाब असा, जणू पासपोर्ट यांच्या खिशातून निघणार आहे. त्यांच्यामागे कारकून, तो मूळ कागद आणि नक्कल ताडून बघतो आणि शेरा मारतो. पोलीस घरी जाऊन चौकशी करतात, अहवाल पाठवतात — अहवाल, मावशी, हुकूम नव्हे. ही सगळी कामं कुणावरही सोपवता येतात. पण द्यायचा की नाही द्यायचा, हे एक काम सोपवता येत नाही. ते ज्याला नेमलंय त्यानेच करायचं. म्हणजे मी, आतल्या खोलीत. लोक दार ढकलतात, माझ्याकडे बघतात आणि विचारतात, ‘ताई, साहेब जेवायला गेलेत का?’ मीच साहेब म्हटलं की असा चेहरा करतात, की ह्या चेहऱ्याचाच फोटो काढून लावावा पासपोर्टवर!

हसा, हसा. मीही हसते. देशाबाहेर कुणी जायचं ते मी बसल्या जागी ठरवते, आणि घरी हिला टोपी घालावी की नको म्हणून आईला फोन, बहिणीला फोन, मग पुन्हा आईला. नवरा? तो कायम फिरतीवर. ‘तू म्हणशील तसं’ म्हणतो. असं म्हणणारी माणसं भारी चलाख असतात मावशी, चुकलं की यांचे हात स्वच्छ.

पण नियम म्हणजे नियम. आमच्याकडे एक हेडक्लार्क आहे, त्याला आम्ही ‘अर्धेसाहेब’ म्हणतो, कारण पाव शहाणपण आणि दुप्पट घाई. मी हिला लस टोचायला म्हणून दुपारी निघाले आणि माझा कॉम्प्युटर — ते जाऊ दे, तो उघडा कसा राहिला हा विषय वेगळा. ह्या महाशयांनी माझ्या खुर्चीत बसून एका आजीबाईंचा अर्ज मंजूर करून टाकला! का, तर म्हणे तिची मुलगी परदेशात बाळंत व्हायची होती, आणि कागद सगळे बरोबर होते. दोन दिवसांनी माझ्या लक्षात आलं. मी मंजुरी रद्द केली, आजीबाईंना बोलावून पासपोर्ट काढून घेतला. कागद बरोबर होते का? होते की! मी स्वतः तपासले ना नंतर. आणि मंजूरही केले, तोच अर्ज, तेच कागद. तोवर विमान गेलं होतं, मुलगी बाळंत झाली होती, ते झालं. पण बरोबर होतं की चूक, हा मुद्दाच नाही, मावशी. ज्याला अधिकार नाही त्याने बरोबर ठरवलं तरी ते ठरलेलं नसतं. आजीबाई रडल्या बिचाऱ्या. मी त्यांना पाणी दिलं. पाणी देणं माझ्या कामात बसत नाही, तरी दिलं.

तर तसंच इथे. आधीच्या बाईंना मी पहिल्याच दिवशी बजावलं होतं — औषध द्यायचं नाही, डॉक्टर गाठायचा नाही, शेजारीपाजारी कुणाला बोलवायचं नाही, काहीही झालं तर मला फोन. मान अशी डोलवली होती बयेने की वाटलं, चला, माणूस मिळालं. आणि गेल्या आठवड्यात हिला ताप भरला. भरतो, दात येताना भरतो. ह्या बाईंनी काय केलं? पाण्याच्या घड्या ठेवल्या आणि मला फोन लावत बसल्या. दुपारभर. लावतायत, लावतायत, लावतायत. इकडे पोर फणफणलंय, डोळे फिरवतंय, आणि ह्या फोन धरून बसल्यात! समोरच्या दारावर डॉक्टरची पाटी आहे, मावशी, तुम्ही येताना वाचली असेल, पितळी. चार पावलं टाकून बेल दाबायची — एवढी अक्कल नको? मी संध्याकाळी आले तेव्हा पोर लाकडासारखी ताठ झाली होती. डॉक्टर म्हणाले, तापाचा झटका, आता ठीक आहे, पण इतका वेळ काय करत होता? आणि ती बाई दारात उभी राहून मला म्हणते, ‘ताई, तुम्हीच म्हणाला होता.’ मला! अशी माणसं असतात बघा. तिथल्या तिथे काढून टाकली.

मी फोन का नाही घेतला? अहो, आतल्या खोलीत फोन नेता येत नाही, कपाटात कुलूप लावून ठेवावा लागतो. निर्णय घेणाऱ्यापर्यंत फोनवरून कुणी पोचू नये म्हणून. चांगला नियम आहे तो. तिला माहीत होता का? ... सांगितला असेल. सांगितला असणार मी.

आणि समोरच्या डॉक्टरांचं म्हणाल, तर ते आपलं — सासूबाई एकदा हिला मला न विचारता त्यांच्याकडे घेऊन गेल्या होत्या. साधी सर्दी. मी त्यांना शांतपणे सांगितलं की माझ्या मुलीचं काय करायचं ते मी ठरवीन. शांतपणेच. म्हणजे जिन्यात उभं राहून सांगितलं, त्यामुळे आवाज घुमला. त्या दुसऱ्या दिवशी धाकट्या दिरांकडे राहायला गेल्या. नाही, अजून आल्या नाहीत. ती बाई तेव्हा होती ना इथे, ओट्यापाशी, बाटल्या विसळत, सगळं ऐकत. त्यावरून तिने काही डोक्यात घेतलं असेल तर त्याला मी काय करणार?

काय म्हणालात? उद्या ताप आला तर तुम्ही काय करायचं? सोपं आहे. मला फोन... नाही, फोन कपाटात. नवऱ्याला फोन करा — तो म्हणेल, ती म्हणेल तसं. मग तुम्ही परिस्थिती बघून... नाही, थांबा, परिस्थिती बघणं म्हणजे ठरवणंच झालं की! असं करा, थोडा ताप असेल तर थांबा आणि जास्त असेल तर — थोडा की जास्त, ते कोण — थांबा हो, मला नीट सांगू द्या, सांगता येतं मला, दिवसभर तेच करते मी. तिला माझ्याकडे का देताय? झोपलीय ती तुमच्याकडे, उठेल, उठली बघा. घ्या ना. मावशी, पिशवी ठेवा खाली. माझं म्हणणं पूर्ण झालेलं नाही, आणि मी तुम्हाला घेतलं असंही म्हटलं नाही, घेतलं नाही असंही म्हटलं नाही, ते मी ठरवणार आहे, तुम्हाला आणखी दोन गोष्टी विचारून — चपला कशाला घालताय? उद्या माझी रजा संपतेय, मावशी! असं मधेच उठून नाही म्हणायचा अधिकार तुम्हाला कुणी —